डाग नसलेली भिंत

चाचणीच्या खोलीतले सगळे दिवे बंद केले होते आणि समोरची भिंत राखाडी झाली होती. जमिनीपासून छतापर्यंत एकसारखा, सपाट राखाडी उजेड. केतकी भोयर त्या उजेडासमोर उभी राहून डाग शोधत होती. तिने उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून तिरकं पाहिलं. तिच्यामागे खुर्चीत निशिकांत वैरागडे बसले होते. संशोधन विभागाचे ते प्रमुख. केतकीला कॉलेजातून उचलून बुटीबोरीच्या या कारखान्यात त्यांनीच आणलं होतं.

"गेला," केतकी शेवटी म्हणाली.

"नक्की?"

"तुम्ही शोधून दाखवा, सर."

निशिकांत उठले. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन त्यांनी पाहिलं, मग दोन्ही तळवे काचेवर ठेवून ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. "सेन्सरच्या चिपा कुठे आहेत ते मला माहीत आहे," ते म्हणाले, "तरी मला दिसत नाहीत."

आरस्पान कंपनीच्या भिंती तेव्हा नुकत्याच घराघरांत जायला लागल्या होत्या. टीव्ही, फोन, घड्याळ, देवघरातला दिवा, सगळं एका काचेवर. पण प्रत्येक भिंतीला एक खोड होती. काचेच्या आत उजेड देणारे लाखो सूक्ष्म दिवे, म्हणजे पिक्सेल, दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांच्या मागे एखादा सेन्सर बसवायचा, तर बाहेरचा उजेड त्याच्यापर्यंत पोचायला वाट ठेवावी लागते. म्हणून तेवढ्या जागेत पिक्सेल विरळ पेरायचे. विरळ पेरले की तिथला उजेड कमी, आणि पांढऱ्या पडद्यावर मळकट बोट उमटल्यासारखा डाग.

विरळ पिक्सेलना जास्त वीज दिली की डाग जातो, हे कुणालाही सुचतं. पण जास्त राबवलेले पिक्सेल लवकर म्हातारे होतात. त्यातही निळे सर्वांत आधी थकतात. वर्षभरात तोच डाग पिवळट होऊन परत येतो. केतकीने त्याच्यापुढची गोष्ट केली. आपल्या डोळ्याला उजेड फारसा कळत नाही, उजेडाची कड कळते, हे तिने धरून ठेवलं. विरळ जागेचा भार तिने आजूबाजूच्या हजारो पिक्सेलवर थोडाथोडा वाटून दिला, कड विरघळवून टाकली, आणि कोणता पिक्सेल किती थकला याचा हिशोब भिंतीला स्वतःच ठेवायला शिकवलं. थकव्याप्रमाणे दुरुस्ती रोज बदलत जायची. भिंत जुनी व्हायची, पण सगळी मिळून सारखी जुनी व्हायची.

"सर, एक विचारू? नुसता उजेडच मोजायचा तर इतक्या चिपा कशाला? चार पुरल्या असत्या."

"जास्त प्रकाशमापक, जास्त अचूक हिशोब. तुझंच काम सोपं होतं ना."

चिपा दुसऱ्या विभागातून बंदिस्त होऊन यायच्या. केतकीने त्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. सरांनी सांगितलं, तिला पटलं.

"पहिली भिंत मावशींकडे," निशिकांत म्हणाले. "मी स्वतः लावून देतो."

मावशी म्हणजे केतकीची आई, सिंधूताई. निशिकांत वर्ध्याला शिकायला होते तेव्हा भोयरांच्या शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांना कावीळ झाली तेव्हा सिंधूताईंनी त्यांना स्वतःच्या घरी आणून बरं केलं होतं. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गावासाठी त्या भोयर सिस्टरच राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायला, पट्ट्या बदलायला त्या स्कूटरवरून घरोघर जायच्या.

निशिकांत खरंच आले आणि दिवसभर राबून त्यांनी भिंत लावून दिली. वरच्या बाजूला एकुलता एक कॅमेरा होता, त्याच्यावर सरकवायचं झाकण होतं. "बोलायचं नसेल तेव्हा हे लावून टाकायचं, मावशी. मग तुम्हाला कुणी पाहत नाही," त्यांनी झाकण दोनदा सरकवून दाखवलं. सिंधूताईंनी त्यांना पाटवड्यांची भाजी करून वाढली.

*

संक्रांतीला केतकी वर्ध्याला गेली तेव्हा आईच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. सिंधूताईंनी कप खाली ठेवला आणि डावा हात पदराखाली घेतला.

"कधीपासून?" केतकीने विचारलं.

"झाले काही महिने. कशाचं लक्षण आहे ते मला समजतं, तू नको शिकवू. सुई देणं मी त्याच दिवशी बंद केलं. आता फक्त पट्ट्या करते, आणि त्या उजव्या हातानं होतात."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवीन. पण माझ्या वेळेनं. एकदा नाव पडलं की लोक हात धरून खुर्चीत बसवतात. मी आयुष्यभर तेच पाहिलंय. कोणाला बोलू नको. तुझ्या भावाला तर मुळीच नको."

"नाही बोलणार."

"शब्द दे."

केतकीने दिला, आणि पाळला.

होळी झाल्यावर एका दुपारी आईचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"सांगाती विम्यातून एक मुलगी बोलली. म्हणाली, आजी, तुमच्या हाताला कंप आहे, चालताना डावा पाय ओढता, म्हणून तुमच्या स्कूटरचा विमा आम्ही थांबवतो आहोत. आज सकाळी गाडी सुरूच झाली नाही."

नव्या गाड्या विम्याशिवाय सुरू होत नसत. केतकी काही बोलायच्या आत सिंधूताई पुढे म्हणाल्या, "पायाचं मी तुलाही सांगितलं नव्हतं. म्हणजे तू बारकाईनं पाहिलंस."

"आई, मी कुणालाही सांगितलेलं नाही."

"घरात दुसरं कोण येतं? मी बाहेर हात पदराखाली ठेवते. बोळीच्या टोकापर्यंत सरळ पाय टाकत जाते आणि मग घरी येऊन पडते. हे फक्त तुला माहीत होतं, केतकी. काळजीनं केलं असशील. पण मी शब्द मागितला होता."

फोन बंद झाला. केतकीने परत लावला तर आईने उचलला नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती वर्ध्याला पोचली तेव्हा सिंधूताईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या भाजी निवडायला बसल्या. केतकी भिंतीकडे पाहत राहिली. वरच्या कॅमेऱ्यावर झाकण सरकवलेलं होतं.

"हे झाकण नेहमी असंच असतं?"

"तुझा फोन आला की उघडते. एरवी बंद."

केतकीने आपल्या फोनवरून भिंतीचं दुरुस्तीचं पान उघडलं. ती परवानगी कारखान्यातल्या मोजक्या अभियंत्यांकडे होती. भिंत राखाडी झाली. खिडक्या लावून तिने अंधार केला आणि स्वतःच लिहिलेली दुरुस्ती बंद केली.

भिंतीवर डाग उमटले. बोराएवढे, काळसर. वरच्या कोपऱ्यात अगदी थोडे, खाली काही नाहीत. पण बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर दाट पट्टा, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर दुसरा, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून एक पुंजका.

उजेडच मोजायचा असता तर ते सगळीकडे सारख्या अंतरावर असते. भिंतीला स्वयंपाकघराच्या दाराशी काय करायचं होतं? केतकीने फोनचा टॉर्च एका डागावर तिरका धरला. काचेच्या आत खोल एक निळसर ठिपका चमकला, मांजराचा डोळा चमकावा तसा. प्रकाशमापकाला भिंग लागत नाही.

सिंधूताई हातातली जुडी तशीच घेऊन उठून आल्या होत्या.

"हे काय आहे?"

"कॅमेरे आहेत, आई."

"इतके?"

केतकीने मान हलवली.

"मी या भिंतीसमोर लुगडं बदलते," सिंधूताई म्हणाल्या. "वरचं झाकण लावून."

त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तू नाही सांगितलंस?"

"नाही."

"मग हे आधी का दिसत नव्हते?"

केतकीने ते सगळं सांगितलं. विरळ पिक्सेल, डाग, तो घालवायला गेलेली वर्षं. आपल्याला चिपा कशाच्या म्हणून सांगितल्या होत्या, तेही सांगितलं. सिंधूताईंनी मधेच थांबवलं नाही.

"निशिकांतनं लावली ही भिंत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याला माहीत होतं?"

"ते मी विचारणार आहे."

"विचार. आणि तू सांगितलं नाहीस हे मी ऐकलं. पण झाकून तूच ठेवलंस."

*

निशिकांतांनी काहीच नाकारलं नाही. त्यांच्या केबिनच्या काचेतून खाली कारखान्याचा सरकता पट्टा दिसत होता. त्यावरून नव्या भिंती पुढे जात होत्या.

"चित्रं कुठेही साठत नाहीत," ते म्हणाले. "भिंत पाहते, आकडे काढते आणि चित्र पुसून टाकते. कंप किती, चालण्याचा वेग किती, रात्री माणूस कितीदा उठतो. एवढंच बाहेर, विमा कंपन्यांना जातं. अटींमध्ये ते लिहिलेलं आहे. सही मावशींची आहे."

"तुम्ही मला प्रकाशमापक म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

निशिकांतांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इतके डाग दिसत असते तर कुणी ही भिंत घरात घेतली नसती. डाग घालवणं तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं. आणि खरं सांगितलं असतं तर तू केलं नसतंस."

इतकं सरळ उत्तर केतकीला अपेक्षित नव्हतं. भांडायचं ठरवून आलेल्या माणसाला समोरच्याने दार उघडून द्यावं तसं झालं.

"पण माझ्या आईच्या घरात, सर? तुम्ही तिच्या घरात राहिलात, जेवलात."

"म्हणूनच. ती स्कूटरवरून ट्रकखाली गेली असती तर? तू शब्द पाळत बसली असतीस. भिंतीनं तिला वाचवलं असं नाही वाटत तुला?"

हीच भीती केतकीने संक्रांतीपासून गिळून ठेवली होती. तिने मान खाली घातली. निशिकांतांचा आवाज मऊ झाला. "मावशी कशा आहेत? खरं सांग."

आणि केतकीने सांगितलं. इतकी वर्षं अडचणीत तिने याच माणसाला सांगितलं होतं. सवय एका दिवसात जात नाही. चहा कसा हिंदकळला, आईने आपणहून सुई देणं कसं सोडलं, हात पदराखाली कशी घेते, बोळीच्या टोकापर्यंत सरळ चालून घरी कशी कोसळते. निशिकांतांचे डोळे भरून आले.

"मला आठवडाभर दे," ते म्हणाले. "वरच्या लोकांशी मी बोलतो. कॅमेरे आहेत हे जाहीर करायला लावतो. तू काही करू नकोस. तुझ्याकडून काही झालं तर माझंच तोंड बंद होईल."

केतकीने आठवडा दिला.

*

निशिकांतांनी दिलेला शब्द पाळला असंच म्हणावं लागेल. कॅमेरे जाहीर झाले.

कॅन्टीनमध्ये जेवताना समोरच्या भिंतीवर जाहिरात लागली आणि केतकीला आपला चेहरा दिसला. कंपनीच्या वर्धापनदिनी काढलेला, हसरा. मागून एक बाई मायेने बोलत होती. विदर्भातल्या एका छोट्या गावात एक आई आपला थरथरता हात पदराखाली लपवायची. चहा हिंदकळला तरी लेकीला कळू द्यायची नाही. मग अभियंता लेकीने आईसाठी एक भिंत घडवली. न बोलता पाहणारी, न सांगता जपणारी. आरस्पान, काळजी करणारी भिंत.

टेबलावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले. "मॅडम, तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

केतकी ताट तसंच ठेवून वर गेली. निशिकांतांची केबिन बंद होती. ते दिल्लीला गेले होते. तिने फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग निरोप आला: 'याहून बरं मला करता आलं नाही. तुझं नाव राखलं.' तिने आपल्या जागी बसून दुरुस्तीचं पान उघडायचा प्रयत्न केला. परवानगी नव्हती. ते काम आता दुसऱ्या गटाकडे गेलं होतं आणि तिला बढती मिळाली होती.

तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. नागपुरातल्या दोन वार्ताहरांना तिने सगळं सांगितलं. जाहिरातीत झाकणाचं काय, विम्याचं काय, लोकांना खोटं सांगून भिंती लावल्या त्याचं काय? एकाने विचारलं, "कंपनी म्हणते भिंतीत दोनच कॅमेरे आहेत. जास्त आहेत हे तुम्ही दाखवू शकता?" त्याच्या कचेरीतली भिंत समोरच होती. केतकीने ती राखाडी करून घेतली. ती एकसारखी, स्वच्छ राखाडी होती. वार्ताहर वाट पाहत राहिला. तिने डाग घालवण्याचं काम फार चांगलं केलं होतं.

*

वर्ध्याला ती पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सिंधूताईंनी भिंतीवर चादर टाकली होती. जाहिरात त्यांनी पाहिली होती; शेजारच्या बोबडे काकूंनी घरी येऊन कौतुक केलं होतं, लेक असावी तर अशी म्हणून.

"पदराचं तूच सांगितलंस त्याला," सिंधूताई म्हणाल्या.

"हो."

"मग पहिल्यांदा नाही, पण दुसऱ्यांदा तरी शब्द मोडलाच."

"हो, आई. मोडला."

सिंधूताई आत निघून गेल्या. केतकी एकटीच चादरीसमोर बसून राहिली. पत्र्यावर ऊन तापत होतं, खोलीत कुलर घरघरत होता. चादर गरम झाली होती. तिने सहज तिच्याखाली हात घातला. काच हाताला चांगलीच कोमट लागली, आणि ती उठून उभी राहिली.

पिक्सेलचा उजेड त्याच्या उष्णतेवरही ठरतो. भिंतीचं तापमान हळूहळू बदललं तर दुरुस्ती त्याच्याबरोबर बदलते. ते तिनेच लिहिलं होतं. पण भिंत एकदम गार झाली तर? दुरुस्तीला ते उमगायला काही मिनिटं लागणार. तेवढा वेळ भिंत जुन्या हिशोबाने चालेल, आणि जे पिक्सेल जास्त राबवलेले, जास्त तापलेले, तेच आधी चुकतील. याला कुठली परवानगी लागणार नव्हती. कुठल्याही घरात भिंत राखाडी करता येत होती.

कोपऱ्यावरच्या रसवंतीतून तिने बर्फाची लादी आणली, फोडली, ओल्या टॉवेलात गुंडाळली. चादर काढून टाकली. छातीच्या उंचीवर टॉवेल दाबून धरला आणि बोटं बधिर झाल्यावर काढला.

राखाडी उजेडात डाग वर आले. पाण्यात बुडवलेलं काही तरंगत यावं तसे, एकेक करून.

मागे सिंधूताई उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि पट्ट्यांची पेटी घेऊन आल्या. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून त्यांनी पहिल्या डागावर लावला. डावा हात थरथरत होता, तुकडा तिरका बसला. केतकी मदतीला पुढे झाली.

"राहू दे," सिंधूताई म्हणाल्या. "तू बर्फ धर."

दोघींनी मिळून पूर्ण भिंत केली. डाग मावळायला लागले की केतकी पुन्हा टॉवेल दाबायची. आवाज ऐकून बोबडे काकू दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. "काय झालं जी, सिस्टर? भिंतीला काय गोवर आला?"

"तुझ्याही भिंतीला आलाय," सिंधूताई म्हणाल्या. "चल, दाखवते."

काकूंच्या भिंतीतला सर्वांत दाट पुंजका पलंगाकडे तोंड करून होता. काकू पलंगावरची चादर नीट करत राहिल्या. त्यांच्या सुनेने ते सगळं फोनवर टिपलं आणि पाठवलं. संध्याकाळपर्यंत रसवंतीवाल्याकडचा बर्फ संपला.

पुढे चौकशी बसली. कंपनीने सांगितलं की बर्फ लावल्याने काच बिघडते, त्याची हमी आम्ही घेणार नाही. काही लोकांनी भिंती काढून टाकल्या. पुष्कळांनी ठेवल्या, म्हाताऱ्या आईबापांना एकटं सोडून पुण्याला राहणाऱ्यांना त्या हव्याच होत्या, आणि त्यांनी केतकीला नको नको ते ऐकवलं. सांगाती विमा काही मागे हटला नाही. सिंधूताईंची स्कूटर अंगणात उभीच राहिली. निशिकांतांचा एकदा फोन आला. नाव पाहून सिंधूताईंनी तो वाजू दिला.

त्या आता पायी फिरायच्या, पट्ट्यांची पेटी उजव्या हातात घेऊन. डावा हात पदराबाहेर असायचा, कारण सगळ्या गावाला कळलंच होतं. पेटीचं ओझं केतकीने मागितलं तर द्यायच्या नाहीत. बर्फाची बादली मात्र तिच्याकडे.

त्या दिवशी त्या झाडे गुरुजींकडे गेल्या. गुरुजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या पाठीच्या जखमा सिंधूताई वर्षभर बघत होत्या. पलंगासमोरच भिंत होती. तिच्यावर कुठल्याशा देवळातली आरती चालली होती. गुरुजींच्या बायकोने केतकीकडे पाहिलं, जाहिरातीतला चेहरा ओळखला आणि कौतुकाने हसली.

"सिस्टर, ही तुमची लेक ना?"

सिंधूताई पेटी उघडत होत्या. कात्री, कापूस, पट्टी त्यांनी एकेक करून स्टुलावर मांडलं.

"हे हिनंच केलंय," त्या म्हणाल्या. मग केतकीकडे न बघता म्हणाल्या, "सांग त्यांना काय केलंस ते. मी तोवर जखम धुते."

केतकीने बादली खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.